मोटारीचा डॅशबोर्ड घरी रंगवावा का? एक आढावा

वसईला स्वतंत्र परिवहन कार्यालय मिळालं आणि एमएच ४८ ही पाटी सुरू झाली. त्याआधी ठाण्यात एमएच ०४ वर नोंदलेल्या गाड्या अजूनही वसई-विरारच्या रस्त्यांवर भरपूर दिसतात. त्यांचं इंजिन बहुतेकदा ठणठणीत असतं, बाहेरून पॉलिशही केलेलं असतं. दार उघडलं की मात्र वय कळतं. गिअरभोवतीची चंदेरी पट्टी बोटांनी घासून काळवंडलेली, एसीच्या जाळीची चौकट पांढुरकी, काचा वर-खाली करणाऱ्या बटणांवरचा मऊ थर चिकट झालेला. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं. तरीही तेवढे पैसे भरून गाडी आणखी पाच वर्षं चालवणं अनेक घरांना नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा परवडतं. गाडी ठेवायचीच असं ठरलं की मग आतल्या कळकटपणाकडे लक्ष जातं.

हे आतले तुकडे घरी रंगवावेत का, यावर गॅरेजवाले, ॲक्सेसरीजचे दुकानदार, हौशी मालक आणि सुरक्षेचा विचार करणारे अभियंते यांचं एकमत नाही. प्रत्येकाच्या म्हणण्याला काही ना काही आधार आहे. ही मतं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मला असं वाटतं की वाद रंगापेक्षा तुकड्याचा आहे. एसीच्या जाळीची चौकट, डॅशबोर्डचा वरचा सपाट भाग आणि एअरबॅगवरचं झाकण, या तिन्हींना एकच उत्तर द्यायला गेलं की गोंधळ होतो.

पत्रा ते प्लॅस्टिक

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या सुरुवातीच्या फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. गाडी रंगायला गेली की डॅशबोर्डही त्याच रंगात निघे. त्या काळातल्या पेंटरच्या हातात ड्यूको असे. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारींसाठी आलेलं हे झटपट सुकणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आपल्याकडे इतकं रुळलं की कुठल्याही फवाऱ्याच्या कामाला लोक ड्यूकोच म्हणू लागले. पत्र्यावर ते छान बसे. घासायचं, लांबी भरायची, प्रायमर मारायचा, वर कोट, हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि साच्यातून काढलेला प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड मध्यमवर्गाच्या घरात शिरला. इथे रंग वरून मारलेला नव्हता, प्लॅस्टिकच्या दाण्यातच मिसळलेला होता. त्यामुळे ‘आतून रंगवणं’ ही गोष्टच काही काळ मागे पडली. मग सजावटीची हौस वाढली तशी चंदेरी पट्ट्या आल्या, लाकडासारखी नक्षी आली, बेज आणि काळा असा दुरंगी डॅशबोर्ड आला, शेवटी आरशासारखा चकचकीत पियानो ब्लॅक आला. चंदेरी पट्टी म्हणजे बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकवर कारखान्यात मारलेला रंग. आज लोक जे घरी दुरुस्त करू पाहतात तो मुख्यतः हाच झिजलेला रंग आहे. ‘प्लॅस्टिकला रंग लागतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आधी तुकडा उलटा करून पाहावा

या विषयातली सर्वांत उपयोगी माहिती तुकड्याच्या मागच्या बाजूला कोरलेली असते. तुकडा काढून उलटा केला की टोकदार कंसांत प्लॅस्टिकचं नाव दिसतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यापुढे टी आणि २० असलं तर त्यात वीस टक्के टाल्क मिसळलेली आहे. एबीएस किंवा पीसी-एबीएस असं लिहिलेलं असलं तर काम बरंच सोपं होतं.

फरक पृष्ठभागाचा आहे. पॉलिप्रॉपिलीनचा स्वभाव मेणचट. त्यावर रंगाचं वागणं अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं: पसरण्याऐवजी गोळा होऊ पाहतो, आणि पसरून सुकला तरी धरून राहत नाही. नखाने कडा उचलली की पापुद्रा निघतो. एबीएसला बऱ्याच रंगांतला द्रावक किंचित विरघळवतो, त्यामुळे रंग त्यात रुतून बसतो. पण तोच गुण उलटतोही. तीव्र थिनर ओतून मारला तर एबीएसला बारीक तडे जातात.

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार या पट्ट्यात प्लॅस्टिक मोल्डिंगचे गाळे आहेत. तिथे काम करणाऱ्याला पीपी आणि एबीएसमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. हात लावून, टिचकी मारून, वजनावरून तो ओळखतो. ही जाण त्याच शहरातल्या गाडी रंगवणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नाही याचं मला वाईट वाटतं. कित्येकदा एकाच इमारतीत दोघे राहत असतील.

रंगवूच नये, असं म्हणणारे

या बाजूला बहुतेक जुने पेंटर आहेत आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारेही. त्यांचा पहिला मुद्दा अनुभवाचा. घरी मारलेला रंग सहा-आठ महिन्यांत बटणांजवळ आणि कडांना सुटतो, मग आधीपेक्षा वाईट दिसतो. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. झिजलेली पट्टी नवी मिळते, नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याच मॉडेलची बरी जुनी मिळते. तीन-चार स्क्रू आणि लॉकचं काम, मग रंगाचा उपद्व्याप कशाला? तिसरा मुद्दा विक्रीचा. आतला मूळ रंग बदललेला दिसला की गिऱ्हाइकाला गाडी पुरात बुडाली होती की काय अशी शंका येते. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात घरांत, दुकानांत, पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. ते ज्याने पाहिलं, तो आजही जुनी गाडी घेताना गालिचाखाली हात घालून वास घेतो. ही शंका उगाच नाही.

हे म्हणणं चुकीचं नाही, पण त्याला मर्यादा आहेत. बंद झालेल्या मॉडेलची पट्टी मिळेलच असं नाही, आणि भंगारातली पट्टीही तेवढीच वापरलेली असते. शिवाय बंपरचं उदाहरण या बाजूने कोणी नीट खोडून काढलेलं मी ऐकलेलं नाही. आजच्या गाडीचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्याच मिश्रणाचा असतो. तो ऊन, पाऊस, चिखल सगळं झेलतो, तरी त्याचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर आधी ज्योत फिरवलेली असते किंवा खास प्रायमर मारलेला असतो. म्हणजे रंग टिकू शकतो. प्रश्न उरतो तो तयारीचा.

काढून, घासून, मग रंगवावं

दुसरी बाजू हौशी मालकांची, आणि तिच्यात बंपरची कामं करणारे काही तरुण पेंटरही आहेत. त्यांचं सांगणं असं: जो तुकडा सुटा होतो तोच रंगवायचा, गाडीत बसून फवारा मारायचा नाही. वसई पश्चिमेच्या गावांत, भुईगाव-वाघोलीकडे, वाडीतल्या ओट्यावर किंवा विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत असं काम चाललेलं पाहायला मिळतं. वर्तमानपत्रावर चार खिळ्यांवर टेकवलेली चौकट, शेजारी साबणाच्या पाण्याची बादली. पाणी लावून ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवताना चौकटीवरून करडं पाणी ओघळतं. पुसल्यावर जिथे अजून चकाकी दिसते तिथे पेपर पुन्हा फिरतो. या टप्प्यात घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

घासण्यापूर्वीच्या एका कामाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की डॅशबोर्डवर पॉलिश मारून देतात. त्या चकाकीत बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. वर्षानुवर्षं ते खाचांत मुरलेलं असतं. त्यावर रंग मारला की जागोजागी गोल खळगे पडतात आणि रंग मागे सरकतो. वॉटर पेपरने हे तेल जात नाही, उलट पसरतं. म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाने धुणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, दर वेळी फडकं बदलणं, आणि घासणं त्यानंतरच.

पीपी असेल तर पुढचा टप्पा ॲडहीजन प्रमोटरचा. पाण्यासारखा पातळ, बिनरंगी फवारा. यात क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं, ते एका बाजूने पॉलिप्रॉपिलीनला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतं. त्याचा थर अगदी पातळ हवा आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच वरचा रंग पडायला हवा. नेहमीच्या करड्या प्रायमरने हे काम होत नाही. मग रंगाचे पातळ कोट, वीतभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून.

या बाजूतही दोन मतभेद आहेत. पहिला दाणेदार पोत असलेल्या तुकड्यांबद्दल. एक गट म्हणतो घासल्याशिवाय रंग धरणार नाही. दुसरा म्हणतो घासलं तर पोत मरतो आणि तुकडा ठिगळासारखा दिसतो, म्हणून घासणीच्या करड्या पॅडने नुसतं खरवडावं. मला दुसरं पटतं, पण त्यासाठी कोट फारच पातळ हवेत, नाहीतर दाण्यांमधल्या खाचा रंगानेच भरून जातात. दुसरा मतभेद क्लिअर कोटचा, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा. हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर नखाला, सॅनिटायझरला, डासांच्या मलमाला टिकतो. साधा लॅकर टिकत नाही. डासांसाठी वापरल्या जाणाऱ्या डीईईटीसारख्या रसायनाने रंगच नव्हे, काही प्लॅस्टिकही मऊ पडतं. वसईसारख्या डासांच्या गावात ही बाब गौण नाही. पण हार्डनरची किंमत वेगळीच मोजावी लागते. तिच्याकडे पुढे येतो.

आपलं काम धरलंय का हे घरीच तपासता येतं. तुकड्याच्या मागे, न दिसणाऱ्या जागी रंगाचा ठिपका पूर्ण सुकू द्यावा. ब्लेडने चौकड्या कापाव्यात, चिकटपट्टी घट्ट बसवून झटक्यात ओढावी. चौकड्या पट्टीबरोबर आल्या तर पुढे जाऊ नये. रंग कारखान्यांच्या प्रयोगशाळाही हीच चाचणी करतात, फक्त मोजमाप काटेकोर असतं.

रंगाऐवजी आवरण

तिसरा पर्याय विनाइल चिकटवण्याचा. दुकानदारांना हा आवडतो, कारण गाडी तासाभरात परत देता येते. कार्बन फायबरच्या विणीची, घासलेल्या ॲल्युमिनियमची अशी अनेक रूपं मिळतात. हवं तेव्हा सोलून काढता येतं हा त्याचा मोठा गुण. सपाट पट्टीवर ते उत्तम बसतं. खोल वळणावर ताणून बसवलेलं विनाइल उन्हात मूळ आकाराकडे परतू पाहतं आणि कडा उचलल्या जातात. पाण्यावर तरंगणाऱ्या छापील पडद्यातून तुकडा बुडवून काढण्याची पद्धतही आहे. नक्षी सुंदर उमटते, पण खाली बेस आणि वर क्लिअर लागतोच, म्हणजे चिकटण्याचा मूळ प्रश्न तिथेही सुटत नाही.

पाऊस, दमट हवा आणि ऊन

वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बाजूला समुद्र. त्यामुळे इथे वेळ निवडणं हे निम्मं काम आहे. दमट हवेत लॅकर मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर हे काम टाळावं यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे. माझ्या मते दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने, सकाळचं दव उडून गेल्यावर, ही इथली योग्य वेळ.

दमटपणाचा दुसरा परिणाम मऊ स्पर्शाच्या बटणांवर होतो. विशेषतः युरोपीय बनावटीच्या जुन्या गाड्यांत दिसणारा हा पॉलियुरेथेनचा थर उष्णता आणि बाष्पाने हळूहळू तुटतो आणि चिकट होतो. त्यावर रंग मारणं म्हणजे चिखलावर फरशी बसवणं. तो थर अल्कोहोलने पूर्ण काढून टाकावा लागतो. खालचं कठीण प्लॅस्टिक बरेचदा इतकं नीटस निघतं की रंगाची गरजच उरत नाही.

उन्हाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. ॲरिझोनातल्या टेम्पे इथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सियसच्या आसपास भरलं होतं. आपली हवा तिथल्याइतकी तापत नाही, पण एप्रिल-मे मध्ये रेल्वे स्टेशनबाहेर दिवसभर उभी राहणारी गाडी कमी तापत नाही. डॅशबोर्डचा वरचा भाग याच कारणाने सर्वांत कठीण. शिवाय तिथे चकचकीत किंवा फिकट रंग दिला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता धूसर दिसतो. वरचा भाग गडद आणि मॅटच असावा, याबद्दल कोणत्याच बाजूला शंका नाही.

श्वासाचा आणि शेजाऱ्यांचा प्रश्न

स्प्रे कॅनमध्ये रंग ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो, थिनरमध्ये टोल्युइन-झायलीनसारखे द्रावक. नालासोपारा किंवा विरार पूर्वेच्या वन-रूम-किचनमध्ये, गॅसच्या शेगडीपासून पाच पावलांवर हे काम करणं सरळ धोक्याचं आहे. पार्किंगमध्ये केलं तर रंगाची धूळ वाऱ्याबरोबर शेजारच्या गाडीवर जाऊन बसते. ज्याच्याकडे ओटा नाही, अंगण नाही, त्याच्यासाठी हा पर्याय मुळातच अडचणीचा आहे. घरच्या घरी करा असं सांगणारे हे बहुधा विसरतात.

हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने श्वसनमार्ग संवेदनशील होतो आणि पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळू शकतो. पेंटरच्या व्यवसायातला हा जुना, ओळखीचा आजार आहे. रुमाल किंवा कोविडच्या काळातला एन ९५ मास्क धुळीचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. गॅरेजमध्येही या रंगासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरावा अशी शिफारस असते. म्हणून क्लिअरपुरता तुकडा चांगल्या पेंट बूथवर द्यावा आणि बाकीचं घरी करावं, ही मधली वाट मला सर्वांत शहाणी वाटते.

एअरबॅग आणि कायदा

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनासाठीही. शेजारच्या बाजूची पिशवी डॅशबोर्डमध्ये दडलेली असते. अनेक गाड्यांत तिचं झाकण वरून दिसतही नाही, आतल्या बाजूने प्लॅस्टिक ठरावीक रेषेत पातळ केलेलं असतं. पिशवी काही सहस्रांश सेकंदांत ती रेष फाडून बाहेर येते. एक बाजू म्हणते, रंगाचा थर प्लॅस्टिकच्या जाडीपुढे नगण्य आहे. दुसरी म्हणते, कडक क्लिअरचे तुकडे उडून चेहऱ्यावर येऊ शकतात आणि द्रावकाने ती पातळ रेष कमकुवत किंवा ठिसूळ होऊ शकते. इथे मी तटस्थ नाही. हे झाकण आणि स्टिअरिंगचा मधला भाग रंगवू नये, त्यावर विनाइलही चिकटवू नये. पट्ट्या काढतानाही बॅटरीची तार सोडून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच हात घालावा.

कायद्याचं चित्र त्या मानाने सोपं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. पण ते बंधन नोंदणीतल्या तपशिलांशी बांधलेलं आहे. नोंदणीपत्रात बाहेरचा रंग असतो, डॅशबोर्डचा नसतो. त्यामुळे आतली पट्टी काळी केली म्हणून कोणी अडवणार नाही.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठी पोकळी टिकाऊपणाची आहे. कारखान्यातल्या रंगाची उष्णता-बाष्पाची चाचणी होते, घरच्या रंगाची कोणी करत नाही. ‘माझा तीन वर्षं टिकला’ आणि ‘माझा तीन महिन्यांत गेला’ ही दोन्ही विधानं खरी असतात, पण प्लॅस्टिक कोणतं, धुतलं कसं, कोणत्या महिन्यात मारला, हे कोणी नोंदलेलं नसतं. किनाऱ्यावरच्या चार गाड्यांचा एवढा हिशेब जरी कोणी ठेवला तरी चर्चा पुढे सरकेल.

दुसरी पोकळी आतल्या हवेची. जपानच्या मोटार उत्पादकांनी २००७ पासून नव्या गाड्यांच्या आतल्या रासायनिक वाफांसाठी स्वतःहून मर्यादा घालून घेतल्या. घरी रंगवलेली पट्टी उन्हात तापलेल्या बंद गाडीत किती दिवस वाफ सोडते, हा प्रश्न त्या चौकटीच्या बाहेर राहतो. पट्टी आठवडाभर मोकळ्या हवेत, सावलीत ठेवूनच बसवावी हा सल्ला योग्य आहे, पण त्यामागे मोजणी नाही, नाकाचा अंदाज आहे. आगीचंही तसंच. गाडीच्या आतल्या साहित्यासाठी भारतात आयएस १५०६१ हे ज्वलनाचं मानक आहे, मात्र ते साहित्य कारखान्यातून निघतं तेव्हाचं. नंतर चढवलेल्या पाच थरांना ते कोणी लावून पाहत नाही.

एअरबॅगच्या झाकणाचा वाद मात्र प्रयोगाने निकाली निघू शकतो. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांचं काम करते आहे. रंगवलेली आणि न रंगवलेली झाकणं घेऊन पिशवी फोडून पाहणं अशा संस्थेच्या आवाक्यातलं काम आहे. तिचा निष्कर्ष मराठीत, गाडीच्या पुस्तिकेत आणि स्प्रे कॅनच्या डब्यावर छापून आला, तर सातिवलीच्या गॅरेजपासून वाघोलीच्या ओट्यापर्यंत सगळ्यांच्या उपयोगी पडेल.